पुन्यो, पुन्यास, पुन्यात

वकिलांच्या कागदांत रोज भेटतो तो शब्द:
इम्प्यून्ड ऑर्डर.
कडोलीच्या भरमाला मी मराठीत सांगते,
'आपण ज्याच्यावर हरकत घेतलीया, तो हुकूम.'
ईरण्णा तेच कन्नडमध्ये टाइप करतो.
भरमा दोघांकडं बघून मान हलवतो.
त्याचा जीव दाराशी टेकवलेल्या
रताळ्यांच्या पोत्यात.

कॅम्पातले फादर इनास मृत्युपत्राच्या कामाला आले होते.
त्यांनाच विचारलं, हा आला कुठनं?
'लॅटिन, बाय. लढणं.'
आणि चर्चच्या उच्चारात म्हणून दाखवलं:
पुन्यो, पुन्यास, पुन्यात.
लढतो मी, लढतोस तू, लढतो तो.

ईरण्णा फिस्सकन हसला.
'तो पुन्यात लढतो, आणि तारखा आमच्या बेळगावात!'

फादरही हसले. मग त्यांनी मूठ वळली,
शिरा वर आलेली, जराशी कापणारी.
'हे मूळ. पुन्युस. मूठ.
तलवार नंतर, पलटण नंतर,
वकील तर फारच नंतर.
आधी नुसता गुद्दा.'

'गुद्दु,' ईरण्णा म्हणाला.
'गुद्दा,' मी म्हणाले.
शेवटच्या मात्रेपुरता तंटा.
माझ्या मामाच्या बरगडीत एक अजून ठणकतो थंडीत.
तो यातला कुठला,
मामानं कधी सांगितलं नाही.

जिन्यात फादर पुन्हा थांबले.
'मुठीत मावेल एवढी मेणाची पाटी असायची रोमन लोकांची.
तिचं नावही ह्याच मुठीवरनं. पुजिल्लारेस.
टोचून लिहायचं, चपटं करून पुसायचं.'

पाटी म्हटल्यावर कुणीच काही बोललं नाही.
ईरण्णानं उगाच पंखा वाढवला.
खिडकीतनं समोरच्या दुकानाची दिसते ना,
वर कन्नड, खाली मराठी,
मराठीवर डांबराचा जुना फराटा.
'भांडार' मधला शेवट त्याच्याखाली गेलाय.
उरलंय एवढंच: भांड.

अकरा वर्षं ती माझ्यासमोर आहे.
मी आज वाचली.

भरमा उठला. पोत्याचं तोंड सोडून
दोन मुठी भरून रताळी काढली,
एक ईरण्णाच्या टायपरायटरशेजारी, एक माझ्या फायलींवर.
मातीसकट.
पुढची तारीख सतरा जून.