घरचा बॉल

कुडचड्याच्या कोर्टावर खेळण्यासारखा
एकच बॉल होता आमच्याकडे.
रबराचा, मूळचा नारिंगी.
खनिजाचे ट्रक रस्त्याने जात-येत राहिले
आणि तो हळूहळू भाजलेल्या विटेच्या रंगावर आला.
दाणे झिजले, खाचा नावापुरत्या,
वॉल्व्हच्या डाव्या अंगाला
दोन बोटं मावतील एवढं टक्कल.

ते टक्कल आम्हाला पाठ होतं.
पास कसाही येवो,
शेवंती वेळीप आधी बोटांनी टक्कल शोधायची,
मग वर बघायची.
बर्नाबे सर ओरडायचे, बाय, आधी रिंग बघ!
ती म्हणायची, सर, रिंग कुठे जातेय पळून?

बाहेरच्या टीम यायच्या. म्हापशाच्या, वास्कोच्या,
मडगावच्या कॉन्व्हेंटच्या, पांढऱ्याशुभ्र मोज्यांच्या.
त्यांच्या जाळीच्या पिशवीत हाताला चिकटणारे बॉल,
चपलांच्या नव्या दुकानासारखा वास.
पण बॉल यजमानांचा, पंचांना पटला तर.
पंच तो खांद्यापासून सोडायचे.
तो कमरेपर्यंत यायचा कसाबसा,
जड जेवून उठल्यासारखा.
चालेल, म्हणायचे पंच.
त्यांना साडेपाचची बस गाठायची असायची.

मग पाहुण्या मुली ड्रिबल करायच्या
आणि त्यांचा हात जिथे वाट बघत असायचा
त्याच्या वीतभर खाली तो थांबायचा.
त्या एका वितीत
मी किती बॉल काढून घेतले, मोजले नाहीत.

आता सांगायला हरकत नाही.
सगळंच काही झिजेमुळे नव्हतं.
मॅचच्या आधी स्टोअररूममध्ये
मी पंपाची सुई जिभेला लावायचे,
वॉल्व्हमध्ये सारायचे
आणि मनात दोन आकडे मोजायचे.
फुस्स.
आमच्या सवयीला झेपेल, त्यांच्या नाही, इतकंच.
सर दारात पाठमोरे उभे राहून
झाडावरचे चिकू मोजत असायचे.

परतीची मॅच मडगावला.
छपराखाली, लाकडी फरशीवर.
त्यांचा बॉल टाकला की छातीला यायचा.
शेवंतीचा पहिलाच लेअप
बोर्डावर आपटून तिच्या डोक्यावरून मागे गेला,
कोणाच्याच हाती न लागता.
तिची बोटं फिरत राहिली त्या नव्या कातडीवर,
सगळीकडे सारखे दाणे.
हाफटाइमला ती मला म्हणाली,
गो, हाचें तोंड खंय?

एकवीस पॉइंटांनी मागे होतो.
नळावर पाणी प्यायला गेले
तर तिथे त्यांची कॅप्टन ओर्तेन्सिया
केस वर बांधत होती, दातांत तीन पिना धरून.
तिसरी पिन नव्हती.
मी ते पाहिलं. मी पाहिलेलं तिने पाहिलं.
शांतपणे दातांतून काढून
ती सुई तिने मोज्यात सरकवली
आणि विचारलं, तुम्ही किती काढता?
दोन आकडे, म्हटलं. तुम्ही?
चार दाब जास्त. सिस्टर बघत असतील तर तीन.
तिने नळ माझ्यासाठी चालूच ठेवला.
शिट्टी झाली.

हरलो. किती ते आता विचारू नका.

पुढच्या वर्षी असोसिएशनने सगळ्या शाळांना
एकाच कंपनीचे बॉल वाटले,
सोबत हवा मोजायचं काटेवालं यंत्र.
सरांना ते आवडलं नाही. चिकूचा बहरही संपला होता.
त्या मोसमात कळलं, आमच्यातलं खरंच कोण खेळतं.
शेवंती खेळत होती.
तिसऱ्या मॅचपासून मी बाकावर,
सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत.

विटेच्या रंगाचा बॉल कोणी नेला, माहीत नाही.
सुई आहे अजून, शिवणाच्या डब्यात.
मुलाने परवा विचारलं, ही कशाची?
त्याच्या सायकलच्या ट्यूबला लावून बघितली.
बसत नाही.