एकवीस बाइट

कुटिन्हो बाई रिपोर्ट घेऊन परत आल्या
मुलुंडच्या लॅबच्या काउंटरवर, चष्मा कपाळावर.
हिमोग्लोबिन अकरा पॉइंट दोन. आकडा नीट छापलेला.
पण शेजारच्या रकान्यात,
जिथे किती असायला हवं ते येतं,
तिथे दोन टिंबं, एक तिरकी रेघ,
मग सामाईक, मग पुन्हा रेघ, मग मर्यादा.
"हे कुठलं दुखणं?" त्यांनी विचारलं.

जुझरभाईंनी मला फोन लावला.
मी मरोळला, तिसऱ्या माळ्यावर,
डब्यातली भेंडी अर्धी.

झालं असं, की माझ्या मशीनवर
मर्यादा नावाची फाइल ही फाइलच नाही.
ते नुसतं बोट आहे:
तिकडे जा, सामाईकात, खरी ती तिथे.
लिनक्स बोटाकडे बघत बसत नाही,
त्या दिशेनं चालू लागतो. मॅकसुद्धा.
पण गिट जपून ठेवतो तो पत्ता,
एकवीस बाइट,
वर एक शिक्का: हा दुवा आहे, दुव्यासारखा वाचा.
मुलुंडच्या विंडोजनं शिक्का पाहिला असणार.
म्हणाला असेल, दुवे जोडायला साहेबांची परवानगी लागते,
साहेब जागेवर नाहीत,
मी आपला लिहून घेतो.
आणि पत्त्याची चिठ्ठी
आकड्यांच्या जागी ठेवून मोकळा झाला.

कुठे लाल अक्षर नाही, घंटा नाही.
वाटेत एक बाइटही सांडला नव्हता.

डेस्मंड म्हणाला, दुवा काढ, प्रत ठेव. विषय संपला.
त्याचं बरोबर असतं. म्हणूनच राग येतो.
प्रत ठेवली, की सहा महिन्यांनी कुणीतरी
एकीत बायकांची खालची मर्यादा बारा करणार,
दुसरीत ती अकराच राहणार,
आणि अकरा पॉइंट दोनच्या त्याच रक्ताला
मुलुंडला कमी म्हणतील, मरोळला व्यवस्थित.

संध्याकाळी स्वतःच गेले.
रिक्षावाल्याला म्हटलं, रूपमहाल टॉकीजसमोर.
टॉकीज पाडून बारा वर्षं झाली,
तिथे टाइल्सचं दुकान आहे, काचेच्या दारात प्लास्टिकचा बांबू.
त्यानं काही विचारलं नाही. बरोबर समोर थांबवली.
आमचे पत्ते असेच, कुणाच्या तरी मागे,
कुणाच्या तरी बाजूला,
आणि ते कुणीतरी केव्हाच उठून गेलेलं.
नवा असता, तर टॉकीज शोधत फिरला असता.

जुझरभाईंकडे अॅडमिनचा पासवर्ड नव्हता.
तो भाच्याकडे. भाचा शारजाला.
शारजाला फोन वाजला, वाजत राहिला.

मग मी प्रतच ठेवली.
ठेवली, आणि हात थांबेना,
म्हणून तिच्या पहिल्या ओळीत लिहिलं:
ही प्रत आहे. मूळ सामाईकात. इथे बदलू नका.
लिहून झाल्यावर वाचलं,
आणि माझं मलाच हसू आलं.

कुटिन्हो बाईंना नवा रिपोर्ट दिला, पैसे न घेता.
जुना परत मागितला, तर दिला नाही.
घडी घालून पर्समध्ये टाकला.
म्हणाल्या, असू दे. डॉक्टरला विचारते,
सामाईक म्हणजे कुठे ते.