बोटांना कळेल असं

सांबऱ्याच्या धावपट्टीवर, एकोणनव्वदच्या धुक्यात,
फ्लॅपऐवजी मी चाकं मिटवली.
विमान पोटावर बसलं.
दोन्ही मुठी सारख्याच : गोल, गुळगुळीत.
चौकशीत लिहिलं, वैमानिकाची चूक.
मी सही केली.

मग बावीस वर्षं कागदावर मुठीच काढत राहिलो.

आज उद्यमबागेत इराप्पा बडिगेर
लेथवरचा तुकडा पुसतो,
डोळे मिटून चाचपतो.
"ह्ये चाक."
दुसरा घेतो. "ह्ये पंखाचं की."
विमानात कधी बसलेला नाही तो.

बाहेर पाटी कुठल्या लिपीत हवी
यावर पुन्हा पेटलंय.

इराप्पा मूठ माझ्या तळव्यावर ठेवतो :
"कड जरा टोचतीया, साहेब.
भ्यालेला हात लई घट्ट धरतो."

मी कानस मागतो.