छताला भोक

तुर्भ्याच्या गॅरेजात नौशाद ड्रिल धरून थांबलाय.
"साहेब, परत विचार करा. विकताना भाव पडेल."

मॅग्नेटवाली पाम बीचवर उडाली होती,
मागच्या टेम्पोवाल्याने आणून दिली, शिवीसकट.
लांब दांडी बंपरला, ठीक आहे,
सोसायटीच्या तुळईला घासते रोज.
पण दोन मीटरची ही, एकोणपन्नास सेंटिमीटर,
छताच्या मधोमधच हवी:
चहूकडे सारखा पत्रा,
म्हणजे आवाज एका अंगाला कलत नाही.

आत अस्तर खाली ओढून धरलंय यामिनीने.
"पाड रे. पावसात गळलं तर हाच बसेल खाली."

संध्याकाळी पारसिकच्या चढावर
कर्जतहून कुणीतरी: स्वच्छ येतोय. कुठून बोलताय?
मी बटण दाबतोय तोवर तिने
केसांतला पत्र्याचा कीस काढून
डॅशबोर्डवर ठेवला.