एक टक्का द्रावण

काल याच पावडरीला दोनशे बारा सेकंद लागले होते
वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला.
आज चौऱ्याण्णव.
स्टॉपवॉच पुन्हा लावलं. त्र्याण्णव.
तिसऱ्यांदा चौऱ्याण्णव, आणि खिडकीबाहेर
कुपवाडच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीचा भोंगा.

बिरनाळे सर म्हणाले, लॉट परत पाठवा.
इस्लामपूरचा एजंट चहा घेत बसला होता,
बशी ओठांपाशी तशीच धरून म्हणाला,
मॅडम, पोतं तेच, शिक्का तोच.

मोरीपाशी नळ्या विसळत जरीना पटवेगार बोलली,
"पावडरीला कशाला बोल लावताय?
डिस्टिल्डच्या मशिनची कॉइल जळलीया सकाळी.
पाणी बोरचं घेतलंय मी."

बोरचं पाणी.
ओळखते मी त्याला, दुधगावपासून.
बादलीला पांढरी कड धरतं,
साबणाला फेस येऊ देत नाही,
तासभर रटरटूनही तूरडाळ बोटचेपी होत नाही,
आणि मार्चमध्ये नदीकडच्या रानावर
पुसलेल्या पाटीसारखं खारं फुटून येतं.

रजिस्टरच्या मागच्या पानावर मी साखळी काढते.
कडी, कडी, कडी.
उसाच्या चिपाडात होती तेव्हा
शेजारणीला इतकी बिलगलेली
की पाण्याला दाद देईना.
मग कुणीतरी रसायनात भिजवून
कड्यांना शेपट्या जोडल्या,
शेपटीच्या टोकाला ऋणभार,
तेव्हा कुठे पाण्यात उतरायला राजी झाली.
निव्वळ पाण्यात प्रत्येक शेपटी शेजारच्या शेपटीला म्हणते, सरक.
सरक, अजून सरक,
असं करत साखळी लांबते, ताणते, जागा अडवते,
काचेच्या बारीक नळीत रेंगाळते.
त्या रेंगाळण्याचा आम्ही पगार घेतो.

मीठ आलं की ही कुरबुर मिटते.
सोडियम, कॅल्शियम मधे येऊन बसतात,
पंगतीत दोन रुसलेल्या जावांमध्ये
थोरल्या आत्याबाई बसाव्यात तसे.
हिचं तिला ऐकू जात नाही.
मग साखळी गुडघे पोटाशी घेते,
मुटकुळं करून पडते,
आणि मुटकुळं नळीतून सुळकन निघून जातं.
कुणी काही तोडलेलं नाही.
एकही कडी कमी झालेली नाही.

दुसऱ्या डब्यातली तिची मावसबहीण तर त्याहून तऱ्हेवाईक.
गार पाण्यात विरघळते, तापवली की थिजते,
निवली की पुन्हा वाहायला लागते.
पहिल्या वर्षी वाटलं होतं, मीच उलटं लिहून घेतलंय.
जरीना म्हणाली, आमच्या थोरल्या दिरागत हाय ही.

साडेपाचला तिचा इरफान
बॅटरीच्या दुकानातनं पाच लिटरचा कॅन
सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आला.
पावडर तीच. चिमूट चिमूट भुरभुरवली,
गुठळी होऊ दिली नाही.
मग दोन तास नुसतं बसायचं,
साखळीला घाई केलेली चालत नाही.
जरीनानं शेंगांची पुडी सोडली.

दोनशे नऊ.

एजंट केव्हाच गेला होता, बशीत माशी.
सरांनी चष्मा न लावता सही केली.
पाण्याचं नाव कुणी काढलं नाही.

ही पावडर पुढे डोळ्यांच्या थेंबांत जाते.
तिथे मीठ आम्हीच घालतो, तोलून,
डोळ्याला परकं वाटू नये इतकं.
म्हणजे त्या इवल्या बाटलीत ती
थोडी मिटलेलीच राहत असणार,
आणि कुणाच्या तरी कोरड्या बुबुळावर
तशीच, मिटल्या अंगानं, पसरत असणार.

रजिस्टर बंद करायच्या आधी
वरच्या आकड्यावर रेघ मारायला पेन उचललं.
जरीना दिवे मालवत होती. एकच ठेवला.
चौऱ्याण्णव खोडलं नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पाणी बोरचं. उत्तर बरोबर.