हल, सोमवार, शिरगणती

काल रात्री बाराच्या ठोक्याला
या घरात किती माणसं होती?
एवढंच विचारायचं असतं, बाई.
बाकीचे रकाने मी भरतो.

हंबरवरून वारा सुटलाय,
कागद कोपराखाली दाबून धरावे लागतात.
हेसल रोडच्या या गल्लीत आज
एकाच दोरीवर कपडे नाहीत.
घरचा माणूस समुद्रावर निघतो त्या दिवशी धुणं नसतं.
धुतलं तर तोही धुऊन निघतो, म्हणतात.

मेव्हिस ब्लेंकिन दारातच उभी.
"चार," म्हणाली. मग, "तीन."
"तो तीनच्या भरतीला गेला. आइसलंडकडे."
बाराला घरात होता?
"घोरत होता."
मग चार.

आता पुढची दहा वर्षं
तो कागदावर घोरत राहील.

हे शहर मोजायला कधीच सोपं नव्हतं.
एका राजाने साधूंकडून विकत घेतलं,
वर आपला हुद्दा चिकटवला.
लोकांनी तो बोलण्यातून गाळला,
ठेवलं नदीचं नाव तेवढं.

बाल्टिकपलीकडून लाखो उतरले इथे,
गाठोडी, पोरं, एखादा समोवार.
पाव घेतला, आगगाडीत बसले,
लिव्हरपूल, आणि पुढे अमेरिका.
ती रात्र मोजणीची नव्हती.
त्यांच्या एका शिंकेचीही नोंद नाही.

बॉम्ब पडले तेव्हा रेडिओ म्हणायचा,
ईशान्य किनाऱ्यावरचं एक शहर.
मेव्हिसची आई चुन्याने पांढरी होऊन
ढिगाऱ्यात चहाची किटली शोधत होती.
शेजारीण म्हणाली, ऐकलंस का,
कुठलं तरी शहर गेलं बिचारं.

"आणि तुम्ही कुठले?"
मी सांगितलं. तिला ते नीट ऐकू आलं नाही.
म्हटलं, माझ्या भाषेत हल म्हणजे नांगर,
जमीन उलथतो तो.
आणि जहाज धरून ठेवतो
त्यालाही आम्ही नांगरच म्हणतो.

ती जरा वेळ गप्प.
"दुसरा बरा," म्हणाली,
आणि आतून जळका वास आला म्हणून धावली.

सही राहिलीच.
मी पायरीवर थांबलो, पेन्सिल कानावर.
समोरच्या घरातली म्हातारी
पडदा सारून
मला मोजत होती.