दोरीच्या अलीकडे

सिवा पोलानाच्या फाट्यावर सकाळी आठलाच
गाड्यांची रांग पार खालच्या चर्चपर्यंत.
खिडकीतली मुलगी तिकिटं फाडता फाडता बजावते,
वर बर्फ आहे अजून, बूट बघा तुमचे.

बूट कुणी बघत नाही.

सात किलोमीटर. घोडागाड्या, बाबागाड्या,
पांढऱ्या झग्यावर जाड जाकीट चढवलेली एक नवरी,
तिच्या मागे चिखलातून तिवई सांभाळत फोटोवाला.
ओढा वितळल्या पाण्याने इतका फुगलेला
की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं.
स्प्रूसच्या सावलीत बर्फ मळका,
पिळून तसाच टाकलेल्या फडक्यासारखा.

मग वळण संपतं आणि माळ दिसतो.

मी ठरवून आलो होतो, इथे उपमा द्यायची नाही.
जांभळा. बस्स.
करंगळीएवढी फुलं, गेल्या वर्षीच्या मेल्या गवतातून
कुणाला न विचारता वर आलेली.
क्रोकस. केशराची चुलत भावंडं,
पण यांच्या घरात केशर नाही.

माळाभोवती दोरी. दोरीपाशी लुदविना स्तिर्चुला,
वय बहात्तर, पार्कचा बिल्ला, गळ्यात शिट्टी.
शिट्टी ती वाजवत नाही.
नुसतं म्हणते, "बाळा, पाय,"
आणि पन्नाशीचा टकला गृहस्थ पाय मागे घेतो.

माझ्या मोडक्या पोलिशमध्ये मी विचारलं,
किती वर्षं करता हे काम?

"माझा बाप इथेच मेंढ्या राखायचा,"
ती म्हणाली, माळाकडे बघत.
"ती तिसरी झोपडी. धूर फळ्यांच्या फटींतून निघायचा.
मी दहा वर्षांची होते. साहेब आले, नकाशा घेऊन.
मेंढ्या डोंगर खातात म्हणाले.
निघा म्हणाले. निघालो.

मग फुलं कमी झाली. एकदम नाही,
दरसाल एक पदर मागे.
मेंढीच्या लेंड्यांवर पोसतात ही.
ती चरते म्हणून गवत यांना झाकत नाही.
बाप सांगत होता. पण लेंड्यांचं कोण ऐकतं?

शेवटी बोलावल्या परत. मेंढ्यांना.
बाप तोवर खाली गावात,
खाटेवर, भिंतीकडे तोंड करून."

पुढे काही बोलली नाही.
एक पोरगं दोरीखालून सरकत होतं. "बाळा, पाय."

एकच्या सुमाराला ढग आला. मोठा नाही,
पण सूर्याच्या नेमका आड.
फुलं मिटू लागली. हळूहळू,
सभेतून माणसं उठावीत तशी, आधी कडेची.
(दिलीच शेवटी उपमा.)
अर्ध्या तासात माळ नुसत्या फिकट काड्यांचा.
तिकिटाचे पैसे परत मिळतात का, कुणीतरी विचारलं.
कुणीतरी हसलं. गर्दी उताराला लागली.

नवरी झोपडीच्या पायरीवर बसून
धुरावलेलं चीज खात होती, झग्याची किनार काळी.
"हे गाईचं आहे," विकणारा तिला सांगत होता,
"मेंढीचं हवं तर मे महिन्यात या."
"मे महिन्यात," ती तोंडात घास असताना म्हणाली,
"मला सासरी कोण सोडणार?" आणि मोठ्यानं हसली.

चारला थंडी परतली. माळाच्या मध्यावर
एक लाल हातमोजा पडलेला, लहान मुलाचा.
तो तिथवर कसा गेला कोण जाणे.

लुदविनानं इकडेतिकडे पाहिलं. दोरी ओलांडली.
आधी वाकून हाताने मिटलेली फुलं बाजूला सारायची,
मग पाऊल. मग पुन्हा वाकायचं.
कोकरं निजलेल्या गोठ्यातून
रात्री कंदील न घेता जायची सवय असावी तशी.

मोजा उचलला, झटकला, खिशात टाकला.
पण परत फिरली नाही लगेच.
उभी राहिली तिथेच, तिसऱ्या झोपडीकडे तोंड करून,
बराच वेळ, गुडघे दुखत असतील तरी.

तिला हटकायला कुणी नव्हतं.
मी होतो.
पण शिट्टी तिच्याच गळ्यात होती.